साठ मायक्रॉनची रिकामी जागा

मी काच बोलतेय. खिडकीची नाही, आरशाची नाही. पंचाहत्तर मिलिमीटर लांब, पन्नास रुंद, अंगावर पिवळसर लेप आणि एका कोपऱ्यात कोरलेला बारा हा आकडा. तामसी गावातल्या एका घरात, बिस्किटांच्या जुन्या डब्यात, कापसात गुंडाळून मला ठेवलं आहे. माझ्या अंगात एक रिकामी जागा आहे. साठ मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीएवढी. त्या जागेतून काय गेलं ते मला ठाऊक नाही. मी जन्मभर त्याचाच विचार करत आले.

माझा लेप जनावरांच्या हाडांतून काढलेल्या जिलेटिनचा. त्यात चांदीच्या क्षाराचे बारीक कण मिसळलेले. विलायतेतल्या एका कारखान्यात, अंधाऱ्या खोलीत मी थंड होत घट्ट झाले. फोटोच्या काचेसारखीच मी. फक्त माझ्यावर माणसांचे चेहरे उमटायचे नव्हते. विद्युतभार असलेला कण माझ्यातून गेला की त्याच्या वाटेवरची चांदी काळी पडते. भार नसलेला कण गेला तर काहीच उमटत नाही. तो गेला हे मलाही कळत नाही.

१९८७ साली युरोपातल्या एका प्रयोगशाळेत मला झोतासमोर उभं केलं. गंधकाची अणुकेंद्रकं, अंगावरचे सगळे इलेक्ट्रॉन काढून घेतलेली, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं माझ्या एका कडेतून आत शिरली आणि दुसरीतून निघून गेली. डोळ्याचं पातं लवायच्या आत माझं आयुष्य ठरलं. पुढं औषधात बुडवून मला धुतलं, वाळवलं, खोक्यात भरलं. खोक्यात आम्ही अठरा जणी होतो. आदिलाबादच्या एका कॉलेजातले प्राध्यापक केशवराव आम्हाला मांडीवर घेऊन हैदराबादहून बसनं आले. वाटेत एकदाही त्यांनी खोकं खाली ठेवलं नाही.

कॉलेजच्या मागच्या बाजूला एक खोली होती. खिडक्यांना काळं कापड, टेबलावर एक सूक्ष्मदर्शक, एक दिवा, तेलाची कुपी आणि नोंदवही. बाहेर भर दुपार असली तरी आत तिन्हीसांज. तिथंच मला नागोराव भेटले.

नागोराव तामसीचे. आईबाप दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायचे. हे इंटरपर्यंत शिकले आणि तात्पुरत्या नेमणुकीवर कॉलेजात मदतनीस झाले. चाळिशीचा माणूस, आवाज बारीक, शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेनं. एक कॉलेजच्या नोंदवहीसाठी, दुसरं स्वतःच्या रोजनिशीसाठी. रोज तामसीहून बसनं यायचे, हात साबणानं धुवायचे, मगच आम्हाला हात लावायचे.

काम सांगायला सोपं. माझ्यावर तेलाचा थेंब टाकायचा, भिंग त्यात टेकवायचं आणि तसूतसूनं सरकत प्रत्येक काळी रेघ पाहायची. रेघ कुठं तुटली, कुठं फुटली, ते कोपऱ्यापासून मोजून लिहायचं. फुटलेल्या फांद्या ज्या बाजूला पसरतात, ती झोताची दिशा. पहिल्या महिन्यात नागोरावांनी विचारलं होतं, "सर, यात नेमकं शोधायचं काय?"

केशवराव म्हणाले, "जिनिंगच्या रस्त्यावर कापसाच्या दोन गाड्या समोरासमोरून जातात. चाकाला चाक लागत नाही. पण दोघींना कंदील असतात. कंदिलाचा उजेड कंदिलाच्या उजेडावर पडतो. जड अणुकेंद्रकं एकमेकांच्या जवळून जातात तेव्हा असंच होतं. ती आदळत नाहीत, त्यांचे उजेड आदळतात. त्या टकरीतून कधी एक इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट भाराचा जुळा, पॉझिट्रॉन, जन्मतात. जुळी रेघ. बेचक्यासारखी."

"मंग ते तर ठाऊकच हाय म्हना."

"बेचकं गाडीच्या वाटेवरच फुटलं तर ठाऊक आहे. पण काही जणांना वाटतं, उजेडाच्या टकरीतून आधी एक न दिसणारा कण निघत असावा. त्याला भार नाही, म्हणून रेघ नाही. तो थोडा चालतो आणि मग फुटतो. जर्मनीतल्या एका प्रयोगात पॉझिट्रॉन मोजताना आलेखात एक शिखर आलंय, ते कशामुळं हे कुणाला कळत नाही. ॲक्सिऑनसारखं काही असेल असं म्हणतात. तेव्हा आपण बघायचं ते वाटेपासून सुटं बेचकं. मधे रिकामी जागा असलेलं."

"म्हंजे जे दिसत नाही ते पाहाचं."

"जे दिसत नाही त्याच्या दोन्ही बाजू पाहायच्या," केशवराव म्हणाले.

नागोरावांनी हे वाक्य रोजनिशीत उतरवलं. मी पाहिलं आहे, कारण ती वही ते माझ्याच शेजारी ठेवून लिहायचे.

त्या खोलीचा एक नियम होता. नवी काच कामाला घेण्याआधी केशवराव आकड्याच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीचा ठिपका करायचे. नागोरावांनी तो ठिपका खाली डाव्या हाताला येईल अशी काच बसवायची आणि तिथून शून्य धरायचं. आकडा अंधारात दिसत नसे, लाल ठिपका दिसे. अकरा काचा अशाच झाल्या. बारावी मी.

१९८८ चा दसरा आला. केशवराव हैदराबादला सासुरवाडीला जायच्या गडबडीत होते. मला त्यांनी टेबलावर काढून ठेवलं, पेन्सिल हातात घेतली, तेवढ्यात बाहेरून रिक्षावाल्यानं हाक मारली. पेन्सिल तशीच खिशात गेली. नागोराव त्याआधीच नागपूरच्या बसमध्ये बसले होते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं हे त्यांचं बारा वर्षांत चुकलं नव्हतं.

खंडेनवमीला खोलीत आला तो शिपाई धोंडीबा. बोथ गावचा शेतकरी माणूस. हत्यारांची पूजा म्हणजे त्याच्या लेखी सगळ्या हत्यारांची पूजा. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, दिव्याला हळदकुंकू, पंख्याच्या बटणाला हळदकुंकू. मग माझ्याकडे वळला. "तूबी कामाचीच हाय वो बाई," असं म्हणून ओल्या कुंकवाचं बोट माझ्या एका कोपऱ्यात टेकवलं. हळद संपली होती.

तो कोपरा आकड्याचा नव्हता. त्याच्या बरोबर समोरचा, तिरकस.

चौथ्या दिवशी नागोराव नागपूरहून परतले. हात धुतले, आत आले, अंधारात मला उचललं. लाल ठिपका दिसला. सरांनी जाण्याआधी आठवणीनं खूण केली, याचं त्यांना बरंच वाटलं असावं. ठिपका खाली डावीकडं धरून त्यांनी मला बसवलं. म्हणजे मी पायाकडून डोक्याकडं उलटी झाले. हे मला कळत होतं. सांगायला तोंड नव्हतं.

पहिल्याच दुपारी ते थांबले. एक जाड काळी रेघ सरळ चालली होती, कुठंही न फुटता. तिच्या बाजूला, साठ मायक्रॉन सोडून, दोन बारीक रेघा एका बिंदूतून निघाल्या होत्या. बेचकं. बिंदूपाशी कुठलीही रेघ येत नव्हती. जसं दाराबाहेर पावलं नाहीत आणि घरात माणूस बसलेलं आहे.

त्यांनी तीन वेळा डोळे पुसले. तीन वेळा मोजलं. नोंदवहीत लिहिलं: प्लेट १२, आडवं ३१.४, उभं ८.७, अंतर ६०. खाली आणखी एक ओळ: "सर्व रेघांची दिशा उजवीकडून डावीकडे. या काचेवर झोत उलट बाजूने आला असावा." जे दिसलं ते सगळं लिहायचं, ही त्यांची सवय. पुढं तीच त्यांच्या अंगावर आली.

त्याच दिवशी त्यांनी केशवरावांना हैदराबादला पत्र टाकलं. केशवरावांनी ते वाचलं आणि मला न पाहताच प्रयोगातल्या परदेशी मंडळींना कळवून टाकलं.

दहा दिवसांनी केशवराव परत आले. ते पाहणार म्हणून धोंडीबानं मला स्पिरिटच्या कापसानं लख्ख पुसलं. कुंकू कापसावर गेलं, कापूस केराच्या डब्यात.

केशवरावांनी मला बसवलं. ठिपका नव्हता, पुसला गेला असेल असं त्यांनी धरलं आणि नेहमीप्रमाणं आकड्याच्या कोपऱ्यातून मोजलं. त्या जागी काही नव्हतं. आजूबाजूला काही नव्हतं. सरळ रेघा होत्या, आणि त्या डावीकडून उजवीकडे जात होत्या.

"नागोराव, बसा. दाखवा."

नागोराव बसले. तोच आकडा, तीच जागा. तासभर ते माझ्या त्या ओसाड कोपऱ्यात फिरत राहिले. मी आतून ओरडत होते, इकडं, पलीकडच्या टोकाला. पण काचेच्या ओरडण्यानं तेलाचा थेंबसुद्धा हलत नाही.

"दिशाही उलट लिहिलीय तुम्ही," केशवराव हळू आवाजात म्हणाले. "डोळ्यांनी पाहिलेलं असतं तर निदान दिशा तरी बरोबर आली असती."

"मी पाह्यलं, सर."

"काय पाहिलं? मला जे हवं होतं ते?"

केशवरावांनी नोंदीवर तिरकी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: "अविश्वसनीय. सहायकाची कल्पना." परदेशी दुसरं पत्र गेलं. मार्चमध्ये नागोरावांची तात्पुरती नेमणूक पुढं वाढली नाही.

शेवटच्या दिवशी ते खोलीत आले, हात धुतले, पण मला उचललं नाही. लांबूनच म्हणाले, "तूच सांग बाई, व्हतं का नव्हतं." मग दिवा घालवून गेले.

पुढची वर्षं मी खोक्यात काढली. दुसरा मदतनीस मिळाला नाही, काम बंद पडलं. पावसाळ्यात भिंतींना ओल यायची. जिलेटिन हे शेवटी हाडामांसाचंच. ओल लागली की त्याला बुरशी धरते. १९९१ च्या श्रावणात ती माझ्या एका कडेला लागली. पांढरे तंतू, फार सावकाश. दर पावसाळ्यात ती तांदळाच्या दाण्याएवढी पुढं सरकायची. ती कुठल्या दिशेनं चालली आहे हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं.

नागोरावांची खबर मला धोंडीबाकडून लागायची. तो खोली झाडायला आला की स्वतःशी नाहीतर कुलपाशी बोलायचा. नागोराव परीक्षा देऊन तलमडुगुच्या मंडल ऑफिसात, म्हणजे महसूल कचेरीत, कारकून झाले. पण गोष्ट त्यांच्या आधी तिथं पोचली होती. काचेत नसलेलं पाहणारा माणूस. ऑफिसात कुणी त्यांच्या हातचा उतारा घेतला की हसत विचारायचं, "नागोराव, हा सर्वे नंबर खराच हाय ना, का तुमालेच दिसून राह्यला?" त्यांची बायको पंचफुला एकदा बाजारात धोंडीबाला म्हणाली होती, "मले बाजाराच्या गर्दीत वळखत नाहीत, अन् काचेतलं वळखलं म्हंतात. पर भाऊ, खोटं बोलाची अक्कल नाही त्या माणसाले. झोपेत बी तोच आकडा बोलतात. एकतीस चार, आठ सात."

मीही तोच आकडा मनात म्हणत असे.

१९९७ ची खंडेनवमी. कुलूप उघडलं, धोंडीबा आत आला. पाठोपाठ एक पाऊल उंबऱ्यापाशी अडलं.

"या ना आत. काऊन थांबले? नागपूरच्या गाडीले अजून दोन तास हायत. मी ह्या म्हयन्यात रिटायर होऊन राह्यलो. माह्या हातची शेवटची पूजा पाहून जा."

"मी पूजा करत नाही, धोंडीबा. तुमाले ठाऊक हाय."

"करू नका. बसा. पाहाले काय पैसे पडतात?"

नागोराव आत आले. नऊ वर्षांत केस पिकले होते. पेनं मात्र दोनच. ते मोडक्या स्टुलावर बसले आणि भिंतीकडं पाहत राहिले. धोंडीबानं सूक्ष्मदर्शकावरची धूळ झटकली, हळदकुंकू लावलं. दिव्याला लावलं. मग खोकं उघडून वरची काच काढली. ती मी होते. ओल्या कुंकवाचं बोट माझ्या कोपऱ्यात टेकलं. नेहमीच्याच.

"हे काय करून राह्यले?" नागोरावांचा आवाज इतका बारीक झाला की धोंडीबाला पुन्हा विचारावं लागलं.

"काय म्हंता?"

"काचेले. कुंकू."

"दरसाली लावतो. तीबी हत्यारच हाय ना. तुमी असता नागपुरात, तुमाले कसं दिसन?"

"अठ्ठ्याऐंशी साली लावलं व्हतं?"

धोंडीबानं बोट हवेतच ठेवलं. "लावलंच असन. हाव, लावलं व्हतं. हळद सरली व्हती त्या साली, नुसतं कुंकू लावलं. मंग सर पाहनार म्हनून मीच पुसलं."

नागोराव उठले. घड्याळाकडं पाहिलं नाही. नळावर जाऊन हात धुतले, साबण नव्हता तरी दोनदा धुतले. मला हातात घेऊन दाराच्या उजेडात धरलं. एका कोपऱ्यात लाल ठिपका. समोरच्या कोपऱ्यात, धुळीखाली, बारा.

"दिशा उलटी," ते म्हणाले. "म्हनून दिशा उलटी."

दिवा लागला, हे नशीब. कुपीतलं तेल गोंदासारखं झालं होतं. धोंडीबा म्हणाला, "खोबरेल आनू का?" नागोराव नऊ वर्षांत पहिल्यांदा हसले असावेत. "राहू द्या. भिंगाले आंघोळ घालाची नाही." काडीनं त्यांनी घट्ट तेलाचा थेंब सोडला. ठिपका खाली डावीकडं. एकतीस चार. आठ सात.

बुरशी तिथवर पोचली होती. पांढऱ्या तंतूंच्या जाळीतून जाड काळी रेघ चालली होती. मग रिकामी जागा. मग बिंदू. बेचक्याची एक फांदी सगळी शाबूत होती, दुसरी निम्म्यावर बुरशीत बुडाली होती.

नागोरावांनी डोळा काढला नाही. "धोंडीबा," ते म्हणाले, "सरांना बोलवा. घरी असतील तसे या म्हना."

केशवराव कॉलेजच्या मागंच राहायचे. आता निवृत्तीला आले होते. पायजम्यावरच आले. नागोरावांना पाहून दारात थबकले. नागोराव स्टुलावरून उठले, बाजूला झाले. धोंडीबानंच सगळं सांगितलं. कुंकवाचं बोट अजून लालच होतं, ते त्यानं पाठीमागं धरलं होतं.

केशवराव भिंगावर वाकले. फार वेळ वाकलेलेच राहिले.

"त्या दिवशी पेन्सिल माझ्या खिशात राहिली," शेवटी ते म्हणाले. "हैदराबादला पोचल्यावर सापडली. तरी मला आठवलं नाही." मग मान वर करून, "नागोराव, आता याचा उपयोग नाही. बाहेर त्यांनी मोठी यंत्रं लावून पुन्हा मोजलं. जास्त मोजलं तसं ते शिखर बसत गेलं. आता कुणी शोधत नाही. आणि हे एकच बेचकं. साध्या गॅमा किरणातूनही होऊ शकतं, त्यालाही भार नसतो; इतक्या जवळ क्वचित होतं, पण होऊ शकतं."

"मले कण नको, सर," नागोराव म्हणाले. "कण असन नसन, ते तुमी ठरवा. मी पाह्यलं ते तिथं हाय का, एवढं सांगा."

"आहे."

"मंग तसं लिहा."

नोंदवही कपाटाच्या तळाशी होती. कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या, पान शाबूत होतं. केशवरावांनी खिसे चाचपले. पायजम्याला पेन कुठून असणार. नागोरावांनी आपलं पेन पुढं केलं. रोजनिशीचं. केशवरावांनी स्वतःच्या अक्षरातली ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: "नोंद बरोबर. कोपऱ्याची खूण करायची माझी राहिली. न पाहता कळवले, तेही मीच." तारीख घातली, सही केली. बाराच्या कोपऱ्यातून मोजून नवी मापं लिहू का, असं त्यांनी विचारलं.

"नको," नागोराव म्हणाले. "नुसतं लिहा, लाल कोपऱ्यातून मोजावे."

नागपूरची गाडी निघून गेली होती. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांचं दीक्षाभूमीवर जाणं चुकलं. धोंडीबा चहा आणायला गेला आणि केशवराव व नागोराव अंधाऱ्या खोलीत शेजारी शेजारी बसून राहिले. दोघंही माझ्याकडं पाहत नव्हते.

पुढं खोली रिकामी करायची ठरली तेव्हा केशवरावांनी मला नागोरावांकडं पाठवलं. तेव्हापासून मी या डब्यात आहे. नागोरावांनी कापसाबरोबर कोळशाचे तुकडे घातले, ओल धरू नये म्हणून. उशीर झाला होता. पुढच्याच पावसाळ्यात बुरशी पुढं गेली. आधी दुसरी फांदी गेली, मग पहिली, मग तो बिंदू, आणि मग मधली रिकामी जागा. बुरशीला फरक कळला नाही. भरलेलं आणि रिकामं तिनं सारख्याच चवीनं खाल्लं.

आता माझ्यात दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही. कुणी भिंगाखाली धरलं तर पांढरी जाळी दिसेल. नागोराव अजून वर्षातून एकदा, नागपूरहून परतल्यावर, डबा उघडतात. हात धुवून मला बाहेर काढतात, दारापाशी उजेडात धरतात आणि परत ठेवतात. त्यांना काही पाहायचं नसतं. मी आहे ना, एवढंच पाहतात.

मीही तेच करते. संध्याकाळी डबा बंद झाला की मी त्या जागेपाशी जाते. एका बाजूला गंधकाची वाट होती, दुसऱ्या बाजूला जुळ्या रेघा. मधून कुणीतरी आलं. माझ्यातूनच आलं, मला न शिवता, आणि दोन लेकरं ठेवून गेलं. तुमच्यापैकी कुणाला कधी कळलं की ते कोण होतं, तर तामसीला या. लेप उरला नसेल, काच असेल. लाल कोपऱ्यातून मोजा. आणि हळू आवाजात सांगा. नागोरावांचं आता वय झालं आहे, दुपारी त्यांचा डोळा लागतो.